सात किलोमीटरची रोड ट्रिप आणि एक डबा

श्यामसुंदर करंगुटकरांनी गाडीत पिण्याच्या पाण्याचा तिसरा कॅन चढवला, तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली की आपण कान्हेरीला निघालोय, लडाखला नाही. ते म्हणाले, "वहिनी, जंगल ते जंगल." मी तरी कुठे कमी होते? मी स्वतः सोळा चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, थर्मासभर चहा, दोन चादरी आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन त्याच गाडीत बसले होते. बोरीवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीपासून कान्हेरी जेमतेम सात किलोमीटर.

याच्या मुळाशी करंगुटकरांची मुलगी मानसी. ती अमेरिकेत असते. तिने आणि तिच्या नवऱ्याने तिकडच्या एका नॅशनल पार्कमधून आठ दिवस गाडी हाकली आणि रोज फोटो पाठवले. डोंगर, हरणं, आणि प्रत्येक फोटोत कोणी ना कोणी लाल गालांचे अनोळखी आजी-आजोबा. खाली लिहिलेलं, इथले स्थानिक लोक फार प्रेमळ आहेत, घरी नेऊन जेवायला घातलं. करंगुटकर आमचे शेजारी, समोरच्या दारातले, आणि अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. जिन्यात भेटेल त्याला ते हे फोटो दाखवत. चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, "नॅशनल पार्क तर आपल्याही पाठीशी आहे. तुम्ही किती वेळा गेलात?"

उगाच विचारलं. माणसाने दोन दिवस जिन्यात एकही फोटो दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रोड ट्रिप जाहीर केली.

त्यांची गाडी पाच वर्षांची होती, पण सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. उन्हात त्यावर बसलं की उठताना आवाज येई. गाडी दर रविवारी स्टेशनपर्यंत जाऊन परत येई, तेही रस्ता मोकळा असेल तर. आम्ही निघालो सोमवारी, गर्दी नको म्हणून. गर्दी खरोखरच नव्हती. पार्क सोमवारी बंद असतं. पंचेचाळीस वर्षं मी त्या फाटकापासून दहा मिनिटांवर राहते आणि मला हे माहीत नव्हतं, ही गोष्ट मी सुनेला अजून सांगितलेली नाही. चपात्या आम्ही सोसायटीच्या गच्चीवर बसून खाल्ल्या. त्यांनी तिथूनच जंगलाचा एक फोटो काढून मानसीला पाठवला.

मंगळवारी पुन्हा सोळा चपात्या. करंगुटकरांनी गाडीची कागदपत्रं, विमा, आधार कार्डं, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स अशी फाइल केली होती. सरकारी खात्यात उभा जन्म गेलेला. फाटकावरच्या माणसाने फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने गाडीची चिठ्ठी फाडली, प्लास्टिकच्या बाटल्या किती एवढंच विचारलं आणि हात हलवला. (तेव्हा गाडी आत नेता आली. हे नियम बदलत असतात, म्हणून माझ्या भरवशावर कोणी निघू नये.) आपली कागदपत्रं कोणी तपासत नाही याचं करंगुटकरांना इतकं वाईट वाटलं की पहिला किलोमीटर त्यांनी फाइल मांडीवर ठेवूनच गाडी चालवली.

मला मात्र जुनं सगळं आठवत होतं. आम्ही बोरीवलीला आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे जंगल दिसायचं. आता समोरच्या टॉवरचं सहा मजली पार्किंग दिसतं. हे, म्हणजे माझे यजमान दत्ताराम परब, लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, गिरणी गेली, मग ते औषधांच्या एका गोदामात लागले. पण गिरणीत असताना आमचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या खात्यातल्या जोडीदारांनी वर्गणी काढून एक स्टीलचा कडीचा डबा दिला होता. झाकणावर कोरलेलं होतं, 'श्री. दत्ताराम रा. परब यांस साचा खात्याकडून सप्रेम भेट'. तेव्हा भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. आमच्या घरातली निम्मी माणसं आता फक्त भांड्यांवर उरली आहेत.

खोबऱ्याच्या वड्या मी त्या डब्यात घेतल्या होत्या. का घेतल्या, याचं उत्तर मला पुढे सात महिने द्यावं लागलं.

कान्हेरीच्या अलीकडे चढ लागला. पुढे पार्कची बस होती, आणि करंगुटकर बसच्या मागे अर्धा क्लच दाबून, चालत्या माणसाच्या वेगाने चढत होते. थोड्या वेळाने जळका वास सुटला. त्यांनी आधी माझ्या भाजीवर संशय घेतला. मग गाडीनेच खुलासा केला. गुरगुरली, थरथरली आणि उभी राहिली. पाय मारू तसं इंजिन ओरडे, पण चाक हलेना.

रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं वाळलं गवत साफ करत होती. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात मोकळे पट्टे काढतात, जाळरेषा म्हणतात त्याला. त्यातला एकजण पुढे आला, वास घेतला आणि म्हणाला, "क्लच गेला." नाव धर्मा. पार्कातच रोजंदारीवर होता. सगळ्यांनी मिळून गाडी सावलीत लोटली. फोनला रेंज नव्हती. धर्माने कुठल्याशा टेकाडावर चढून मेकॅनिकला फोन लावला. तो दहिसरहून यायचा, त्याला आत सोडायची परवानगी काढायची, म्हणजे तीन तास. धर्मा म्हणाला, उन्हात कशाला बसता, आमचा पाडा इथेच खाली आहे, आई घरी आहे.

करंगुटकरांचा चेहरा उजळला. क्लच गेल्याचं दुःख ते त्या क्षणी विसरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, स्थानिक लोक."

धर्माची आई सखुबाई, माझ्याच वयाची, कदाचित दोन वर्षांनी मोठी. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, पाड्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. मी त्याला हात जोडले. करंगुटकरांनी आधी आजूबाजूला बघून घेतलं आणि मग जोडले. सखुबाईने आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, जेवलात का? कोरा चहा आला, नाचणीची भाकरी आली, सुकटीची चटणी आली. आमच्या सोळा चपात्या गाडीत राहिल्या. मी कोकणातली बाई, चटणी बघूनच माझं निम्मं पोट भरलं. करंगुटकर मंगळवार पाळतात. त्यांनी ताटाकडे असं पाहिलं की सखुबाईने त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. मग त्यांना मिरची-मीठ वाटून दिलं.

भाकरी खाता खाता करंगुटकरांनी मुलाखत सुरू केली. तुम्ही इथे किती वर्षं राहता?

"तुम्ही किती वर्षं?" सखुबाईने उलट विचारलं.

"तेहतीस."

"मग तुम्ही नवे." आणि तिने आमच्या सोसायटीच्या खाणाखुणा विचारून घेतल्या. "तिथे ओढा होता. माझी सासू तिथे भात लावायची."

करंगुटकरांनी घास गिळला. स्थानिक कोण, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. विषय बदलायचा म्हणून बिबट्या येतो का, असं विचारलं. सखुबाई म्हणाली, येतो की, पण तुमच्या बिल्डिंगींकडे जास्त जातो, कुत्री तिकडे जाड असतात.

छपरावर गेल्या पावसाळ्यातला वाळका वेल अजून पडून होता. मी विचारलं, कसला? तवशाचा. तवसं म्हणजे आमच्याकडची मोठी, जून काकडी, पिवळसर तपकिरी, हातभर. आणि मग माझं तोंड सुटलं. तवशाचं धोंडस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वर-खाली निखारे. ह्यांना ते जीव की प्राण. बोरीवलीच्या बाजारातलं तवसं आणलं की हे हातात घेऊन म्हणत, "ह्यां तवसां न्हय गो, ह्यो पाण्याचो फुगो." ते गेल्याला सहा वर्षं झाली. पितृपक्षात त्यांच्या तिथीला मी त्याच डब्यात नैवेद्य ठेवते, पण धोंडस काही जमलेलं नाही, दुकानातला शिरा ठेवते. हे सगळं मी एका अनोळखी बाईला का सांगितलं, कोण जाणे. ती ऐकून घेत होती, एवढंच.

वड्यांचा डबा मी तिच्या हातात दिला. ती आत घेऊन गेली. तेवढ्यात वर मेकॅनिक येऊन हॉर्न वाजवायला लागला, धर्माची धावपळ, करंगुटकरांची धावपळ, सखुबाईने माझ्या हातात वालाच्या शेंगांनी भरलेली बुरडी टोपली ठेवली. गाडी दोरीला बांधून आम्ही परत आलो. कान्हेरी पाहायची राहिलीच. घरी येऊन टोपली ठेवली आणि लक्षात आलं, डबा तिकडेच राहिला.

सोसायटीत अशी बातमी पाणी जाण्याच्या बातमीपेक्षा लवकर पसरते. सून अक्षता म्हणाली, आई, तसाच डबा दोन तासांत घरपोच येईल. मुलगा सुबोध म्हणाला, नाव लेझरने घालून देतात हल्ली, अक्षर जास्त चांगलं येईल. करंगुटकरांनी 'वस्तू विसरल्याबाबत' असा अर्ज तयार केला, प्रत माहितीसाठी तिघांना. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी, गेला समजा, असं सांगितलं आणि स्वतःच्या हरवलेल्या कढईची हकिकत अर्धा तास ऐकवली.

मला मात्र अडचण वेगळीच होती. तिची टोपली माझ्याकडे होती. ती रिकामी कशी परत न्यायची? आमच्या सासूबाईंचा दंडक होता, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जाता कामा नये. काही नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण घाला. मी रव्याचे लाडू केले, टोपलीत भरले आणि पार्कच्या बसने निघाले. गाडी गॅरेजमध्ये होती. करंगुटकर रोड ट्रिप अपुरी राहिली म्हणून बरोबर आले.

सखुबाईला आनंद झाला. तिने लाडू उतरवून घेतले. चहा झाला, गप्पा झाल्या. मी डब्याचा विषय काढायची वाट बघत होते, आणि डबा मला समोर दिसत होता. फळीवर, घासून लखलखीत. शेवटी तीच म्हणाली, "तुझा डबा आहे, बाय. पण रिकामा कसा देऊ?"

मी म्हटलं, अहो, चिमूटभर साखर घाला.

"साखर काय, दुकानात मिळते." ती हसली. "त्यात काय घालायचं ते माझं ठरलंय. त्याला वेळ आहे."

जो नियम मी सुनेला सोळा वर्षं शिकवला, तोच नियम माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. आणि टोपली? टोपलीत तिने नाचणी भरून दिली. म्हणजे टोपली पुन्हा माझ्याकडे.

पुढचे तीन महिने मी थोडक्यात सांगते. टोपलीतून कैरीचं लोणचं गेलं, तेही बरणीत. बरणी तिकडे राहिली, टोपलीतून दारच्या आंब्याचे आंबे आले. आंबे मऊ होते म्हणून ते आणखी एका टोपलीत आले. दोन टोपल्या मी दोन डब्यांसह परत नेल्या. मे महिन्याच्या अखेरीला आमच्या घरात तीन टोपल्या आणि एक सूप होतं, आणि पाड्यावर आमचे चार डबे, एक बरणी आणि थर्मासचं झाकण. अक्षताला ऑफिसला न्यायला डबा उरला नाही. ती आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात पोळीभाजी नेऊ लागली आणि रोज निघताना तो मला दिसेल असा धरू लागली. करंगुटकर या काळात जिन्यात "आमचे पाड्यावरचे मित्र" असं बोलू लागले होते. सखुबाईबरोबरचा त्यांचा फोटो मानसीने अमेरिकेत सगळ्यांना दाखवला.

प्रत्येक वेळी डबा फळीवरून माझ्याकडे बघे. प्रत्येक वेळी सखुबाई म्हणे, वेळ आहे. भाद्रपद जवळ येत होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात वाईट विचार येऊ लागले होते. तिला तो डबाच आवडला असेल का? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची कढई मला झोपेत दिसू लागली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारची झोप काढून उठले, तर आमचा वॉचमन चंद्रप्रकाश दारात उभा. हातात डबा. कोणी म्हातारी देऊन गेली, म्हणाला. मी विचारलं, वर का नाही आली? त्याने खांदे उडवले आणि गेला.

डबा छातीशी धरून मी आत आले. कडी काढली.

आत राख होती. काठोकाठ भरलेली, चुलीची करडी राख.

चार महिने वाट बघायला लावून ह्यांच्या डब्यात राख? वर यायची, दोन शब्द बोलायची तसदीही नाही? मग मला वाटलं, अगं, डबा राखेने घासला असेल आणि उरलेली तशीच राहिली असेल. मग वाटलं, काठोकाठ कशी राहील? माझा अपमान झाला आहे असं मी ठरवलं, आणि एकदा ठरवलं की माझं वय झाल्यामुळे मी ते सहसा बदलत नाही. चष्मा स्वयंपाकघरात होता. मी तशीच खिडकीत गेले आणि सगळी राख खाली पंप रूमच्या मागच्या वाफ्यात ओतून दिली. डबा तीन वेळा घासला. अक्षताने विचारलं, काय होतं त्यात? मी म्हटलं, काही नाही.

त्यानंतर मी पाड्यावर गेले नाही. तीन टोपल्या आणि सूप माळ्यावर टाकलं. करंगुटकरांनी दोनदा विचारलं, वहिनी, आपल्या मित्रांकडे कधी? मी गुडघे दुखतात असं सांगितलं. गुडघे माझे कायमच दुखतात, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

श्रावणात पंप रूमच्या मागून एक वेल निघाला. भिंत चढला, पाइप चढला, खांबावर गेला आणि खांबावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला त्याने मिठी मारली. फाटकावरचं दृश्य सेक्रेटरींच्या मोबाइलवर दिसे, ते आता एक हिरवं पान आणि मधून मधून एक भुंगा असं दिसू लागलं. करंगुटकरांनी नोटीस लावली, 'सोसायटीच्या आवारातील अनधिकृत वेलाबाबत'. कमिटीची बैठक झाली. वेल येत्या रविवारी माळ्याकडून काढावा, असा ठराव आला. मी कमिटीवर आहे. मी हात वर केला. ठरावाला अनुमोदन माझंच आहे, इतिवृत्तात पाहायला मिळेल.

पण करंगुटकरांचं समाधान होईना. वेल आपोआप उगवत नाही, कोणीतरी लावला, असं त्यांचं मत. जूनमध्ये लावला असणार, म्हणून जूनमध्ये आवारात कोण कोण आलं याची ते छाननी करायला बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सोसायटीत पाहुण्यांच्या नोंदीचं अ‍ॅप आणलं होतं. पाहुणा आला की वॉचमन त्याचा फोटो काढतो, घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर विचारणा जाते, तिथून हो किंवा नाही दाबायचं. आमच्या घरची विचारणा सुबोधच्या मोबाइलवर जाते, वांद्र्याला, त्याच्या ऑफिसात.

शुक्रवारी संध्याकाळी करंगुटकर आमच्याकडे आले. मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः खुर्चीत बसले.

मी चष्मा लावला. स्क्रीनवर आमच्याच फाटकाचा फोटो. सखुबाई. नवं लुगडं नेसलेली, कपाळावर घाम. दोन्ही हातांनी डबा कॅमेऱ्यासमोर धरलेला, झाकण पुढे करून, नाव वाचता येईल असा. तिला वाचता येत नाही, पण त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव आहे हे मीच तिला सांगितलं होतं. ओळखपत्र म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं. फोटोखाली लिहिलेलं होतं, 'सखुबाई. बी/१०४. घरातून प्रवेश नाकारला.'

सुबोध आल्यावर त्याला विचारलं. त्याला आठवेना. म्हणाला, मीटिंगमध्ये असेन, दिवसाला सहा येतात, फिनाइलवाले, इंटरनेटवाले, अनोळखी नाव दिसलं की मी नाही दाबतो. बोलता बोलता त्याने फोटो पाहिला, डबा पाहिला, आणि झाकण बोटांनी मोठं करून पाहिलं. वडिलांचं नाव त्यानेही बऱ्याच दिवसांनी वाचलं असावं.

करंगुटकर म्हणाले, "वहिनी, आपल्याला त्यांनी नाव न विचारता जेवायला घातलं."

पण मी वेगळंच बघत होते. ती उन्हातून चालत आली होती, नेमकी जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत. चार महिने वेळ आहे म्हणणारी बाई त्याच आठवड्यात का आली? आणि मला माझी कणकवलीची आजी आठवली. चुलीशेजारी ओळीने मडकी. वालाचं बी, भोपळ्याचं बी, तवशाचं बी, सगळं राखेत घातलेलं. कीड लागू नये म्हणून. मी स्वतः त्या मडक्यांत हात घालून बी काढून दिलेलं आहे. आठ वर्षांची असेन. पंचेचाळीस वर्षं बोरीवलीत राहिले, आणि राख म्हटल्यावर मला अपमान आठवला, बी आठवलं नाही.

मी तशीच खाली गेले. गुडघ्यांना विचारायला थांबले नाही. पंप रूमच्या मागे मोबाइलचा दिवा धरला. पिवळी फुलं होती, हाताला टोचणारी पानं होती, आणि भिंतीच्या आडोशाला पानांखाली बोटाएवढं, काटेरी, हिरवं तवसं होतं. आणखी किती, ते मी मोजत बसले नाही. मागून करंगुटकर आले आणि त्यांनी काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, तुमचा अनधिकृत वेल मी लावलाय.

ठराव मंजूर झालेला, अनुमोदन माझं, माळी रविवारी यायचा. करंगुटकर म्हणाले, मंजूर ठराव तोंडी रद्द होत नाही. शनिवारी त्यांनी तातडीची बैठक बोलावली, आणि त्यात असा ठराव मांडला की सदर वेल भिंतीवरून कोणी चढू नये यासाठी उपयुक्त असल्याने तो सुरक्षा व्यवस्थेचा भाग समजण्यात यावा. कॅमेरा दुसऱ्या खांबावर हलवला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई विरोधात होत्या. त्यांना एक तवसं कबूल केलं.

सखुबाईकडे दुसऱ्याच दिवशी पळावं असं अक्षताचं म्हणणं होतं. ती म्हणाली, आई, जा आणि माफी मागा, वाट कसली बघताय? पण मी गेले नाही. डबा माझ्याकडे होता, आणि त्यात काय घालायचं ते आता माझंही ठरलं होतं. त्याला वेळ होता.

गणपती गेले. तवसं पिवळं झालं, मग तपकिरी, देठापाशी चिरा पडल्या. सुबोधने स्वतः शिडी लावून ते उतरवलं. मी किसलं, रवा भाजला, गूळ घातला. निखारे कुठून आणणार, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवलं आणि झाकणावर तापलेला तवा ठेवला. वास जिन्यात गेला. करंगुटकर तीनदा काही ना काही विचारायला आले.

ह्यांची तिथी तीन दिवसांवर होती. धोंडस झालं, डबा घासलेला होता, नैवेद्याला दोन्ही हाताशी. अक्षता जवळ उभी होती. मी वड्या पाडून डब्यात भरल्या, कडी लावली. ती म्हणाली, बाबांना? मी म्हटलं, त्यांच्यासाठी ताटात काढून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी करंगुटकर आणि मी पाड्यावर गेलो, टोपल्या, सूप आणि डबा घेऊन. वाटेत मी काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं. सखुबाई अंगणात वाल निवडत होती. तिने मान वर केली आणि मला पाहिलं.

"फार मोठं घर तुझं, बाय," ती म्हणाली. "दारच सापडेना."

मी जुळवलेलं सगळं विसरले. खाली बसले आणि राखेचंही सांगून टाकलं, खिडकीतून ओतल्याचं, सगळं. तिने निवडायचं थांबवलं. मग ती हसायला लागली, इतकी की धर्मा बाहेर येऊन बघू लागला. "फेकलंस, तरी उगवलं?" ती म्हणाली. "मग बी चांगलं होतं म्हणायचं."

करंगुटकरांनी खिशातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. त्यावर सखुबाईचा तोच फोटो होता, डब्यासकट, आणि खाली, 'बी/१०४, घरचे'. हे दाखवलं की कोणी अडवणार नाही, असं त्यांनी अधिकृत आवाजात सांगितलं. सखुबाईने कार्ड उलटसुलट पाहिलं. "आणि हे घरी विसरले तर?" करंगुटकरांनी त्यावर बराच विचार केला आणि म्हणाले, तर मला हाक मारा, मी समोरच राहतो. ते कार्ड तिने कुडाच्या फटीत खोचून ठेवलं, देवाच्या फोटोशेजारी.

मी डबा पुढे केला. तिने कडी काढून वास घेतला, एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि डोळे मिटले. निखाऱ्यांवर केलं असतं तर अजून चांगलं झालं असतं, असं तिचं मत पडलं. ते खरं होतं. मग डबा आत घेऊन गेली आणि फळीवर, त्याच जागी ठेवला.

"आता भरून द्यायला वेळ लागेल," ती म्हणाली.

तिथीच्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या फोटोसमोर नैवेद्याचं ताट ठेवलं. तवशाचं धोंडस, सात वर्षांनी. दरवर्षी तिथे डबा असतो, त्यामुळे फोटोतला माणूस जरा शोधल्यासारखा बघतोय असं मला वाटलं. मी त्यांना सांगितलं, डबा पार्कात आहे, काळजी करू नका. उशीर होईल, पण रिकामा येणार नाही.